शहरालगतच्या समुद्रकिनारी लाकडी पथावरून फेरफटका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राकाठी फळ्यांच्या पथावरून चालायचे, त्यात विचारण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल. तरीही प्रश्न येत राहतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचे मूळ एकच असते. लोक सुटीचा दिवस पाहून निघतात, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघत नाहीत. खालची उत्तरे स्वतंत्रपणे वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. बोर्डवॉक म्हणजे नेमके काय? समुद्राकाठच्या साध्या फरसबंद रस्त्यापेक्षा तो वेगळा कसा?

वाळू, दलदल किंवा खडकाळ किनारा यांच्यावर खांब रोवून, त्यांवर तुळया आणि तुळयांवर आडव्या फळ्या ठोकून केलेला पादचारी मार्ग म्हणजे बोर्डवॉक. फरसबंद रस्ता जमीन झाकून टाकतो. बोर्डवॉक तिच्यावरून अधांतरी जातो, त्यामुळे खालून वाळू सरकते, पाणी वाहते, झाडे वाढतात. अशा मार्गांमधला सर्वांत प्रसिद्ध मार्ग अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथे १८७० मध्ये बांधला गेला, आणि त्यामागचा हेतू निसर्गदर्शनाचा मुळीच नव्हता. पुळणीवरून परतणाऱ्यांच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत येणारी वाळू थांबवायची होती. देखावा पाहण्यासाठी पथावर येण्याची सवय नंतर जडली. आता काही ठिकाणी फळ्या लाकडाऐवजी पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या असतात. चालताना त्याने पडणारा फरक प्रश्न ६ मध्ये दिला आहे.

२. पूर्ण फेरी मारायला किती वेळ धरावा?

सपाट रस्त्यावर निरोगी माणूस तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो. पथावर मात्र थांबणे, पाहणे आणि समोरून येणाऱ्यांना वाट देणे यांत वेळ जातो, म्हणून तासाला तीन किलोमीटर हा हिशेब अधिक प्रामाणिक ठरतो. बहुतेक पथ वर्तुळाकार नसतात, त्यामुळे जितके गेलो तितकेच परत यावे लागते, हे लहान मुलांबरोबर निघालेले पालक हमखास विसरतात. वारा जोराचा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर चालावे आणि परतताना तो पाठीशी घ्यावा. पाठीवर वारा घेऊन निघालेल्या माणसाला आपण किती लांब आलो हे वळल्यावरच कळते, आणि तोवर पाय थकलेले असतात.

३. दिवसातली कोणती वेळ सर्वांत चांगली?

सकाळची, असे माझे मत आहे, आणि त्याला कारण आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. हे खारे वारे साधारणपणे दुपारपूर्वी सुरू होतात, दुपारनंतर सर्वांत जोरात वाहतात आणि सूर्यास्ताच्या आसपास मंदावतात. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेचे, बहुधा सौम्य असे मतलई वारे वाहतात. त्यामुळे निरभ्र, स्थिर हवामानात पहाटेनंतरचे दोन-तीन तास पाणी शांत, हवा स्वच्छ आणि गर्दी विरळ असते. संध्याकाळचा मोह मी नाकारत नाही, पण शहराजवळच्या पथावर संध्याकाळ म्हणजे गर्दी हे गृहीत धरावे. किनारा पूर्वेकडे तोंड करून असेल तर संध्याकाळी सूर्य शहराच्या इमारतींमागे जातो आणि पाण्यावरचा सूर्यास्त मुळी दिसतच नाही, हे निघण्याआधी नकाशात पाहून घेणे चांगले.

४. पथ तर उंचावर आहे. मग भरती-ओहोटी पाहायची कशाला?

कारण त्यावर तुम्हाला काय दिसणार हे ठरते, आणि कधीकधी तुम्ही कोरडे परतणार की नाही हेही. एकाच पथाखाली सकाळी लाटा खांबांना थडकत असतात आणि दुपारी तिथेच अर्धा किलोमीटर चिखल उघडा पडलेला असतो. हे दोन वेगळे फेरफटके आहेत. लाटांची गाज ऐकायची असेल तर भरतीच्या आधीचा एक तास गाठावा; खडकांतली डबकी, खेकडे आणि शिंपले पाहायचे असतील तर ओहोटी गाठावी.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमधले अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असते. म्हणजे आजच्या भरतीची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी आठ वाजता पाणी सुंदर होते म्हणून या रविवारी आठला गेलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा चिखल येतो. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, म्हणून हा हिशेब त्या ठिकाणच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण येते. तेव्हा भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पथाचा एखादा सखल भाग पाण्याखाली जात असेल तर तो उधाणातच जाण्याची शक्यता अधिक.

५. वेळापत्रकात भरती ३.८ मीटर लिहिली आहे. म्हणजे पथावर एवढे पाणी येणार का?

नाही. हा आकडा पथापासून मोजलेला नसतो. तो त्या ठिकाणच्या अगदी खालच्या ओहोटीच्या जवळपास ठरवलेल्या एका पायारेषेपासून मोजलेला असतो. म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्या दिवसाच्या भरती आणि ओहोटीतला फरक पाहावा, आणि एखाद्या दिवशी पाणी कुठवर आले होते ते डोळ्यांनी पाहून त्या दिवसाचा आकडा लक्षात ठेवावा. पुढच्या वेळी तुलना आपोआप होते.

पाणी एकाच वेगाने चढत नाही, हेही ध्यानात असावे. ओहोटी ते भरती हे सहा तास मानले तर एकूण चढाचा बारावा भाग पहिल्या तासात, दोन बारावे दुसऱ्यात, तीन-तीन बारावे तिसऱ्या आणि चौथ्या तासात, मग पुन्हा दोन आणि एक असा ढोबळ नियम आहे. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. पथावरून पुळणीत उतरलेल्यांची पंचाईत नेमकी याच दोन तासांत होते. शिवाय वेळापत्रक चंद्र-सूर्याचे गणित सांगते, हवेचे नव्हे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाण्याची पातळी सुमारे एक सेंटीमीटरने वाढते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा त्यात भर घालतो.

६. पायांत काय घालावे? अनवाणी चालले तर चालेल का?

रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे बंद बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. कोरडी फळी निर्धोक असते. ओली, सावलीतली, पातळ शेवाळ धरलेली फळी साबणासारखी निसरडी होते. शेवाळ नेहमी हिरवेच दिसते असे नाही. काळपट चकाकी दिसली तरी पाय जपून टाकावा. उतार, वळणे आणि झाडांखालचे भाग ही घसरण्याची खास ठिकाणे.

अनवाणी चालण्याचा सल्ला मी देणार नाही. जुन्या लाकडाच्या ढलप्या पायांत शिरतात. शिवाय फळ्या पावसाने फुगतात आणि उन्हाने आकसतात, त्यामुळे खिळ्यांची डोकी हळूहळू वर येतात. प्लॅस्टिकमिश्रित फळ्यांना ढलप्या नसतात, पण उन्हात त्या लाकडापेक्षा अधिक तापतात. टोकदार टाचांचे बूट फटींत अडकतात, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

७. फळ्यांमध्ये फटी का ठेवलेल्या असतात? किल्ल्या पडतात, त्या बुजवत का नाहीत?

फटी बुजवल्या तर पथ लवकर कुजेल. पाणी आणि वाळू खाली गळून जावी, फळीला दोन्ही बाजूंनी वारा लागावा आणि ओल्या दिवसांत फुगायला जागा राहावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्याच फटींतून पथाखालच्या वनस्पतींना थोडा प्रकाश आणि पाऊस मिळतो. चाकांसाठी योग्य मानल्या जाणाऱ्या पथावर फट सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी असा एक प्रचलित निकष आहे. किल्ली मात्र त्यातूनही पडते, म्हणून ती चेनच्या खिशात ठेवावी. पडलेल्या वस्तूसाठी पथाखाली शिरू नये. तिथे गंजलेले खिळे असतात, शिंपल्यांच्या धारदार कडा असतात आणि चढते पाणीही.

८. आकाश ढगाळ असेल तर उन्हाची काळजी घ्यावी लागते का?

लागते. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो, आणि गार वाऱ्यामुळे त्वचा भाजते आहे हे लक्षात येत नाही. पथावर सावली नसते आणि किरण खालूनही येतात. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के परावर्तित करते, तर समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. हवामानवृत्तातला अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि किमान ३० एसपीएफचे मलम वापरावे, आणि मलम दर दोन तासांनी पुन्हा लावावे. निर्देशांक हाताशी नसेल तर आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे असे समजावे. वाऱ्याने उडणारी टोपी काही कामाची नाही. तिला हनुवटीखालून बंद हवा.

९. व्हीलचेअर किंवा बाबागाडी नेता येईल का?

पथ सलग असेल तर वाळूपेक्षा तो कितीतरी सोयीचा असतो, पण अडचण पथावर नसून त्याच्या दोन टोकांना असते. प्रवेशाशी पायऱ्या आहेत की उतार, आणि उतार किती, हे आधी विचारून घ्यावे. बारा फूट लांबीला एक फूट चढ ही बहुतेक ठिकाणी मान्य असलेली कमाल मर्यादा आहे. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या असतील तर चाके फटींवरून जातात; उभ्या असतील तर पुढची लहान चाके फटीत अडकू शकतात. आडव्या फळ्यांवर सतत हादरे बसतात, त्यामुळे पाठीचे दुखणे असलेल्यांनी किंवा अगदी तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी आधी छोटा टप्पा चालून पाहावा. वाऱ्यात बाबागाडीचे छत शिडासारखे फुगते, म्हणून थांबताना ब्रेक लावल्याशिवाय हात सोडू नये.

१०. सायकल किंवा कुत्रा नेता येतो का?

ठिकाणागणिक नियम वेगळे असतात, आणि ते प्रवेशाशी लावलेल्या फलकावरच पाहावेत. कुत्र्याला परवानगी असेल तर त्याला आखूड साखळीने धरावे आणि तापलेल्या फळीवर आधी हाताचा मागचा भाग काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्या हाताला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

११. पथ सोडून वाळूच्या टेकड्यांवर दोन पावले चालले तर एवढे काय बिघडते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुधा ज्यांना कोणीतरी हटकलेले असते त्यांच्याकडून. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या भक्कम दिसतात, पण त्यांना धरून ठेवणारे काही असेल तर ते म्हणजे तिथले गवत आणि वेली. वारा वाळू उडवत आणतो, गवत तिला अडवते, वाळूखाली गाडले गेलेले गवत पुन्हा वर येते, आणि अशी ती टेकडी वाढत जाते. हे गवत खारे वारे, ऊन आणि गाडले जाणे सहन करते. पायदळी तुडवले जाणे त्याला सहन होत नाही. एका माणसाच्या दोन पावलांनी टेकडी ढासळत नाही हे खरे. पण पहिल्याची पावले पाहून दुसरा जातो, आणि काही आठवड्यांत तिथे पायवाट होते. उघड्या पडलेल्या त्या पट्ट्यात वारा शिरतो, वाळू उडू लागते आणि खाच रुंदावते. वादळात समुद्राचे पाणी आत घुसायला अशी खाच म्हणजे आयती वाट, आणि तिच्यामागे शहर असते.

टेकडीवर किंवा वरच्या वाळूत काही पक्षी नुसत्या खळग्यात अंडी घालतात. त्यांचा रंग वाळूशी इतका मिळताजुळता असतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. पुळणीत उतरायचेच असेल तर त्यासाठी केलेल्या पायऱ्यांनी उतरावे. त्या दूर वाटल्या तरी.

१२. फोटो धूसर येतात. कॅमेऱ्यात बिघाड आहे का?

बहुधा भिंगावर खाऱ्या तुषारांचा थर बसलेला असतो. तो शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसू नये, कारण मिठाचे आणि वाळूचे कण भिंगावर चरे पाडतात. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसावे. मोबाइललाही हेच लागू आहे. संधिप्रकाशात तिपाई लावून फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे फळ्या पावलांनी थरथरतात. तिपाईचे पाय खांबांच्या वर येतील असे ठेवावेत आणि कोणी चालत नसेल असा क्षण साधावा. पुळणीतून वळण घेत जाणारा पथ पथावरूनच टिपायचा असेल तर कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली आणावा. फळ्यांच्या रेषा मग नजरेला आपोआप आत नेतात.

१३. पक्षी पाहायला कधी जावे?

पूर्ण ओहोटीला चिखलपक्षी अन्न टिपत दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की चिखल झाकला जातो आणि ते हळूहळू काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या आधीचे एक-दोन तास उत्तम. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून मोठी हातात आणि वाऱ्यात स्थिर राहत नाही.

१४. सूर्यास्तासाठी किती आधी पोचावे, आणि समोर दिसणारे जहाज किती दूर असते?

अर्धा तास आधी पोचावे आणि नंतर आणखी अर्धा तास थांबावे, कारण आकाशाचे रंग बहुधा सूर्य बुडाल्यावरच खुलतात. गंमत अशी की क्षितिजाला टेकलेला सूर्य आपण पाहतो तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. वातावरण प्रकाशाला वाकवते आणि त्याची प्रतिमा सुमारे अर्ध्या अंशाने, म्हणजे जवळपास स्वतःच्या व्यासाएवढी वर उचलते. खालची कड अधिक उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य चपटा दिसतो.

क्षितिजाचे अंतर डोळ्यांच्या उंचीवर अवलंबून असते. पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसासाठी ते जेमतेम साडेचार किलोमीटर असते, तर तीन मीटर उंच पथावरून साडेसात किलोमीटरच्या पुढे जाते. जहाजाचा फक्त वरचा भाग दिसत असेल तर ते त्याहूनही दूर आहे.

१५. लाटांचे तुषार कठड्यापर्यंत येत आहेत. पुढे जावे का?

जाऊ नये. हवामानवृत्तात लाटांची जी उंची सांगतात ती सर्वांत उंच लाटेची नसते. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यांतली एखादी लाट जवळपास दुप्पट असू शकते. म्हणजे दोन मीटरचा अंदाज असताना चार मीटरच्या आसपासची लाट येणे अशक्य नाही. पाच मिनिटे पाहिले, काही झाले नाही, हा पुरावा अपुरा आहे. किमान वीस मिनिटे दुरून पाहावे. पुढच्या फळ्या ओल्या असतील तर तिथवर पाणी येऊन गेलेले आहे.

१६. गडगडाट ऐकू आला तर किती वेळ आहे?

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागावे. तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर लगेच आसरा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. मोकळ्या किनाऱ्यावर उंच असे काही नसते, त्यामुळे पथावर उभा माणूस हाच उंचवटा ठरतो. बाजूंनी उघडे छत आसरा नव्हे. बंद इमारत किंवा पत्र्याच्या टपाची मोटार हवी. धातूच्या कठड्यापासून दूर राहावे.

१७. हवामान स्वच्छ असूनही पथ बंद ठेवला होता. हे कशासाठी?

शेकडो किलोमीटरवरच्या वादळात उठलेल्या लाटा वारा मागे टाकून किनाऱ्यावर येतात, तेव्हा वर निळे आकाश आणि खाली खवळलेले पाणी असा देखावा असतो. दुसरे कारण पथाखालचे. लाकूड पोखरणारे सागरी जीव आणि गंज यांचे काम पाण्याच्या पातळीजवळ चालते आणि वरून काहीच दिसत नाही. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातही काही भाग बंद ठेवतात. साखळी ओलांडून जाणाऱ्याला यांतले कोणते कारण लागू आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून ओलांडू नये.

१८. रात्री चालले तर चालते का?

पथ खुला असेल तर चालते, पण विजेरी पावलांपाशीच धरावी. समुद्री कासवे अंडी घालतात अशा किनाऱ्यावर पांढरा प्रकाश अजिबात टाळावा. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने पाण्याकडे जातात आणि दिव्यांमुळे वाट चुकून जमिनीकडे वळतात. तिथे मंद लाल दिवा वापरावा आणि छायाचित्राचा झोत बंद ठेवावा. ओलसर फळ्यांविषयी प्रश्न ६ रात्री दुपटीने लागू होतो.

१९. पथावरून कोणी पाण्यात ओढले जाताना दिसले तर काय करावे?

उडी मारू नये. असे प्रसंग बहुधा रिप करंटमुळे घडतात. काठावर चढलेले पाणी अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे परत जाते, आणि मदतीला गेलेला माणूसही त्यातच सापडतो. हा पट्टा पथाच्या उंचीवरून काठापेक्षा चांगला दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये गडद, फसवा शांत भाग असतो. म्हणून पथावरच्या माणसाने पाहत राहणे हीच मोठी मदत ठरते. आधी जीवरक्षकाला किंवा आपत्कालीन सेवेला कळवावे, जवळ तरंगणारे काही असेल ते फेकावे, आणि बुडणाऱ्याला पट्ट्यातून बाजूला, किनाऱ्याला समांतर पोहण्याची किंवा नुसते तरंगत राहण्याची खूण करावी. एकाने त्या व्यक्तीवरची नजर क्षणभरही न हलवता हात तिच्याच दिशेने धरून ठेवावा, कारण लाटांमध्ये एकदा हरवलेले डोके पुन्हा सापडणे फार कठीण असते. अनेक पथांवर खांबांना क्रमांक असतात. कळवताना जवळच्या खांबाचा क्रमांक सांगितला तर मदत नेमक्या ठिकाणी पोचते.